घरकामातून शिकवताना: बाजार, विरजण, कूलर आणि वही

प्रश्न थोडक्यात असा आहे. नागपुरातलं कुटुंब, मुलगी नऊ वर्षांची, मुलगा सहा वर्षांचा. जूनअखेरपासून दोघांनाही शाळेत न पाठवता घरीच शिकवायचं ठरतंय. आई घरून काम करते, बाबा सकाळी नऊला निघतात, घरात आजी आहेत. स्वयंपाक, बाजारहाट, सणवार यांतूनच सगळं शिकवता येईल का, रोज किती वेळ द्यावा, नोंद काय ठेवावी आणि पुढे परीक्षेचं काय, असं तुम्ही विचारलंय.

पहिल्या भागाचं उत्तर: सगळं नाही, पण बरंच. घरातल्या कामातून मुलांना गोष्टींचा अर्थ कळतो आणि भरपूर सराव होतो. क्रम मात्र मिळत नाही. अक्षरओळख, जोडाक्षरं, हातचा, पाढे आणि भागाकार पायरीपायरीनेच शिकावे लागतात, आणि ती पायरी भाजी चिरताना आपोआप येत नाही. घरी शिकणारी मुलं मागे पडतात तेव्हा बहुतेकदा हेच घडलेलं असतं. उपक्रम खूप होतात, फोटो छान येतात, पण नऊ वर्षांच्या मुलाला ४०३ मधून १६७ वजा करता येत नाहीत. म्हणून रोजची बैठक ठेवाच. सहा वर्षांच्या मुलाला वीस-वीस मिनिटांच्या दोन बैठका पुरतात, मुलीला एकूण दीड तास. बाबा निघण्याआधी आठ ते नऊ हा तास सगळ्यात चांगला. मे महिन्यात तर नऊनंतर कुणाचंच डोकं चालत नाही. बैठकीसाठी बालभारतीची पुस्तकं वापरा, ती संकेतस्थळावरून मोफत उतरवून घेता येतात. इयत्ता वयावरून ठरवू नका. आधीच्या इयत्तेचं गणिताचं पुस्तक काढा, मुलगी जिथे अडखळेल त्या पानापासून सुरू करा.

मुलाचं वाचन 'अ आ इ ई' या वर्णमालेच्या क्रमाने सुरू करायची गरज नाही. वळणाने जवळची अक्षरं एकत्र घ्या. आधी ग, म, भ, न, मग व, ब, क, आणि लगेच काना. एवढ्या सात अक्षरांत आणि एका कान्यात मका, नाक, कान, काका, मामा, बाबा, गाव, नाव, भाव, बाग इतके शब्द होतात. दहाव्या-बाराव्या दिवशी मूल खरा शब्द वाचतं आणि त्याला वाचण्याचा उपयोग कळतो. सगळी बाराखडी पाठ होईपर्यंत शब्दच येत नसतील तर ते पाठांतर होतं, वाचन होत नाही.

आकड्यांबद्दल जरा सविस्तर लिहितो, कारण मराठीत शिकणाऱ्या मुलांची खरी अडचण इथे असते आणि पालक तिला निष्काळजीपणा समजतात. 'एकवीस' ऐकून मूल १२ लिहितं, कारण कानाला आधी 'एक' ऐकू येतं. 'एकोणसाठ' ऐकून ६९ लिहितं, कारण 'साठ' ऐकू आलं म्हणजे सहा आलेच. 'सदतीस' आणि 'सत्तेचाळीस' यांची अदलाबदल तर ठरलेलीच. मुलाचा कान बरोबर असतो, आपल्या संख्यानामांची रचनाच उलटी आहे. उपाय म्हणून पुठ्ठ्याची कार्डं कापा: १० ते ९० पर्यंत दशकांची नऊ लांब कार्डं आणि १ ते ९ ची अर्ध्या रुंदीची नऊ. 'एकवीस' म्हटलं की आधी २० चं कार्ड ठेवायचं आणि त्यावरच्या शून्यावर १ चं कार्ड बसवायचं. हाताला आधी दशक उचलायची सवय लागली की लिहिताना चूक कमी होते. एकोणतीस, एकोणचाळीस, एकोणपन्नास, एकोणसाठ, एकोणसत्तर आणि एकोणऐंशी यांची वेगळी गड्डी करा आणि प्रत्येक वेळी मोठ्याने म्हणवून घ्या, "साठला एक कमी." रोज सहा कार्डं, पाच मिनिटं, साधारण दोन महिने.

'पावणे' हे या 'एकोण'चंच भावंड. पावणेसात वाजले म्हटलं की मूल ७:४५ सांगतं, आणि पावणेदोन किलो म्हटलं की २७५० ग्रॅम. दोन्ही ठिकाणी मराठी भाषा पुढचा आकडा आधी सांगते आणि मग मागे येते. हे एकदा समजावून सांगितलं की मुलीला सव्वाशे, दीडशे, पावणेदोनशे आणि अडीचशे एकाच बैठकीत कळतात. पुस्तकात अपूर्णांक येण्याआधी पाव, अर्धा, पाऊण, सव्वा, दीड हे शब्द आजींच्या तोंडून तिने हजारदा ऐकलेले असतात. ते फक्त कागदावर आणायचे. पावाच्या खाली रेघ ओढून एकाखाली चार लिहिले की अपूर्णांक सुरू झाला.

आता बाजार. इथे सगळ्यात जास्त शिकवता येतं आणि सगळ्यात जास्त बिघडतंही इथेच. रविवारी संध्याकाळच्या गर्दीत मुलांना नेऊन "सांग बरं किती झाले" असं विचारू नका. भाजीवाल्या काकूंना घाई असते, मागे रांग असते, मूल गडबडतं, तुम्ही उत्तर सांगून मोकळे होता आणि मुलाला एवढंच कळतं की आपल्याला येत नाही. आठवड्यातल्या साध्या दिवशी, चारच्या सुमाराला, ओळखीच्या दुकानी जा. खिशातला फोन खिशातच ठेवा. स्कॅन करून पैसे दिले की हिशोब उरतच नाही. रोख न्या आणि पाकीट मुलीच्या हातात द्या. पहिल्या खेपेला एकच वस्तू, चौथ्या-पाचव्या खेपेपर्यंत चार.

चार वस्तूंचा हिशोब असा दिसतो. वांगी ५० रुपये किलो, घ्यायची अर्धा किलो. टमाटर ४० रुपये किलो, घ्यायचे दीड किलो. मिरची वीस रुपये पाव, घ्यायची एक पाव. सांबाराची जुडी दहाची. घरून निघायच्या आधी मुलीने वहीत अंदाज लिहायचा. बाजारात भाव विचारून खरे आकडे लिहायचे: २५, ६०, २० आणि १०, एकूण ११५. दोनशेची नोट दिली तर परत किती? इथे उभी वजाबाकी करायला लावू नका, तिथे उभं राहून हातचा घेता येत नाही. वर मोजत जायला शिकवा: ११५ ला पाच दिले की १२०, १२० ला ऐंशी दिले की दोनशे, म्हणून ८५. दुकानदारही पैसे असेच परत करतो, त्यामुळे मुलीला ताडून पाहता येतं. ठरलेली चूक मिरचीत होते. 'वीस रुपये पाव' हा पावाचा भाव आहे आणि बाकीचे किलोचे, हे लक्षात न घेता ती २० ला पुन्हा चारने भागते आणि ५ लिहिते. तिला तिथे टोकू नका. पैसे कमी पडले की काकूच सांगतील, आणि घरी आल्यावर त्या एका ओळीवर दहा मिनिटं बोला. चुकीचा परिणाम खरा असला की ती चूक लक्षात राहते.

सहा वर्षांच्या मुलाचं काम त्याच वेळी वेगळं: लिंबं मोजून घेणं, दहाच्या नोटा लावणं, जुड्या पिशवीत ठेवणं, पाटीवरचं एखादं अक्षर ओळखणं. दोघांना एकच प्रश्न विचारला तर ताई उत्तर देऊन टाकते आणि धाकटा बघत राहतो. आल्यावर वजनकाटा काढा. दहा किलोपर्यंतचा साधा स्वयंपाकघरातला इलेक्ट्रॉनिक काटा पुरतो. 'अर्धा किलो' वांगी प्रत्यक्षात ५२० ग्रॅम भरतात का ४८५, हे लिहून ठेवा. महिन्याभरात मुलगा हातात वजन घेऊन बऱ्यापैकी बरोबर अंदाज सांगायला लागतो.

बाजारातून भाषाही घरी येते. वरच्या यादीत मी मुद्दाम सांबार आणि टमाटर लिहिलं. आपल्याकडे सांबार, आलू, फल्ली, बरबटी म्हणतात; पुस्तकात कोथिंबीर, बटाटा, शेंगदाणे, चवळीच्या शेंगा असतात. घरचा शब्द चुकीचा आहे असं मुलांना कधीही सांगू नका. वहीत दोन रकाने करा, घरचा शब्द आणि पुस्तकातला शब्द. "मी जाऊन राहिलो" आणि "मी जात आहे" हीसुद्धा अशीच जोडी. आजींच्या बोलण्यातले शब्द टिपायचं काम मुलीला द्या. आजींना त्यात रस येतो आणि मुलीला एका भाषेची दोन रूपं कळतात. निबंधात कुठलं वापरायचं हे ती आपोआप निवडायला लागते.

शुद्धलेखनाचा निम्मा पाठ तर स्वयंपाकघरातल्या डब्यांवर लिहिता येतो. मिरची, मेथी, वांगी, लिंबू, आलू: शब्दाच्या शेवटी इकार-उकार आला की तो दीर्घ. मीठ, पीठ, गूळ, तांदूळ, लसूण, कोथिंबीर: शेवटचं अक्षर अकारान्त असेल तर त्याच्या आधीचा इकार-उकार दीर्घ. आता त्यांना प्रत्यय लावा. मिठात, पिठात, गुळाचा, कोथिंबिरीची इथे तोच ऱ्हस्व झाला, आणि तांदळात, लसणाची इथे तर उकार पार गेला. मुलीने डब्यांच्या चिठ्ठ्या स्वतः लिहाव्यात आणि रोज एका डब्याचं वाक्य करावं. गुण, सुख, मंदिर असे संस्कृतातून जसेच्या तसे आलेले शब्द या दुसऱ्या नियमात बसत नाहीत, हे तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात सांगा, पहिल्या दिवशी नको. 'कोथिंबीर' हा शब्द बरोबर लिहिता येणारी चौथीतली मुलं फार थोडी असतात. तिला तो जमला की तिचं मनापासून कौतुक करा.

स्वयंपाकातला एक प्रयोग नीट करा, दहा अर्धवट करण्यापेक्षा. मी विरजणाचा सुचवतो. तीन सारख्या वाट्या, प्रत्येकीत १०० मिलिलीटर दूध. पहिलीत फ्रिजमधलं थंड दूध, दुसरीत बोट सुखाने बुडेल इतकं कोमट, म्हणजे साधारण ४० अंश, तिसरीत नुकतं उकळलेलं. प्रत्येकीत अर्धा चमचा ताजं दही घालून तीनदा ढवळा. मुलांनी आधी अंदाज लिहायचा, मग दर तासाला वाटी किंचित तिरपी करून बघायचं आणि 'पातळ', 'कडेने लागलं', 'पूर्ण लागलं' यांपैकी एक लिहायचं. कोमट वाटी उन्हाळ्यात चार-पाच तासांत लागते, डिसेंबरात तिलाच आठ-दहा तास लागतात. उकळत्या दुधात दह्यातले जिवाणू मरतात, त्यामुळे ती वाटी लागत नाही. थंड दुधात ते मंदावतात, ती वाटी फ्रिजमध्ये असेपर्यंत जवळजवळ लागतच नाही.

हा प्रयोग फसतो तो तीन कारणांनी. एक, वाट्या कूलरच्या वाऱ्यात ठेवल्या जातात आणि कोमट दूध थंड होतं. दोन, मूल दर दहा मिनिटांनी वाटी हलवतं आणि लागत आलेलं दही मोडतं. तीन, थंड वाटी फ्रिजबाहेर ठेवल्याने तासाभरात खोलीइतकी गरम होते आणि "तिन्ही जवळजवळ सारख्याच लागल्या" असं दिसतं. ती वाटी परत फ्रिजमध्येच ठेवायची. एका वेळी एकच गोष्ट बदलायची, बाकी सगळं सारखं ठेवायचं, हा विज्ञानाचा सगळ्यात महत्त्वाचा धडा इथे दह्यात मिळतो. पुढच्या आठवड्यात दूध तिन्ही वाट्यांत कोमट ठेवा आणि विरजण कमी-जास्त करा: पाव चमचा, एक चमचा, दोन चमचे.

नागपुरात राहून उन्हाळा वाया घालवू नका. मुलं घरात कोंडलेली असतात म्हणून एप्रिल-मे म्हणजे टीव्ही, असं बऱ्याच घरी होतं. पण कूलर ही घरातली प्रयोगशाळाच आहे. प्रयोगशाळेत वापरतात तसे, लाल द्रवाचे, शंभर अंशांपर्यंतचे दोन थर्मामीटर आणा. ताप मोजायचा चालणार नाही. तो ४२ अंशांपुढे मोजत नाही. आधी दोन्ही एकाच पाण्यात पाच मिनिटं बुडवून सारखंच दाखवतात का ते तपासा. अर्ध्या-एक अंशाचा फरक असेल तर वहीत लिहून ठेवा. मग एकाच्या टोकाला जुन्या सुती धोतराची किंवा ओढणीची पट्टी गुंडाळा आणि पट्टीचं दुसरं टोक पाण्याच्या छोट्या बाटलीत सोडा. थर्मामीटरचं टोक पाण्यात बुडू द्यायचं नाही, फक्त ओली पट्टी त्याला लागलेली हवी. दोन्ही शेजारीशेजारी सावलीत लटकवा, पुठ्ठ्याने पाच मिनिटं वारा घाला आणि वाचा.

मेच्या दुपारी कोरडा ४४ दाखवत असेल तर ओला २३-२४ पर्यंत उतरलेला दिसतो. वीस अंशांचा फरक! मुलांना आधी खरंच वाटत नाही, ती पुन्हा वाचतात. पाणी वाफ होताना उष्णता घेऊन जातं हे वाक्य इथे डोळ्यांना दिसतं. कूलरच्या ताट्यांमधून येणाऱ्या हवेचं तापमान मोजलं तर ते या ओल्या आकड्याच्या थोडं वरच राहतं, खाली कधी जात नाही. हाच प्रयोग जुलैत झडीच्या दिवशी करा. कोरडा ३० आणि ओला २८. पावसाळ्यात कूलर का चालत नाही हे समजावून सांगायची गरजच उरत नाही. मुलीसाठी आणखी एक पायरी: कूलर चालू असताना समोरची खिडकी अर्धा तास बंद ठेवा, मग उघडा, आणि दोन्ही वेळचे आकडे लिहा. खिडकी बंद असताना ओला थर्मामीटर चढतो, कारण दमट हवेला बाहेर जायला वाट नसते.

आकडे जुळत नसतील तर बहुतेक वेळा पट्टी वाळलेली असते, किंवा बाटलीतलं पाणी उन्हाने गरम झालेलं असतं, किंवा मुलाने टोक बोटांत धरून वाचलेलं असतं. एक नियम मात्र दगडावर कोरा: कूलरची पिन काढल्याशिवाय मुलांनी त्याच्या टाकीला, पाण्याला किंवा पत्र्याला हात लावायचा नाही. पाणी भरणं आणि पिन लावणं हे मोठ्यांचंच काम. मुलांनी बादल्या मोजाव्यात: दिवसाला किती, रात्रीला किती. मीटरवरचे आकडे सकाळी आठला लिहून दुसऱ्या दिवशी आठला पुन्हा लिहा. २०० वॅटचा कूलर दहा तास चालला तर दोन युनिट, हे ताडून पाहता येतं. वीजबिलात १०० युनिटच्या पुढे दर का वाढतो आणि ३०० च्या पुढे आणखी का, ही मुलीसाठी पुढची पायरी.

कूलरची टाकी आठवड्यातून एकदा रिकामी करून घासून कोरडी करतात ना, तेव्हा थोडं पाणी काचेच्या बरणीत घ्या आणि तोंडाला पातळ कापड घट्ट बांधा. आधी वळवळणाऱ्या अळ्या, मग कोष हे बरणीत दिसतं. अंड्यापासून डासापर्यंत उन्हाळ्यात साधारण आठ-दहा दिवस लागतात, म्हणून टाकी आठवड्याने कोरडी करायची. कोष दिसायला लागले की बरणी कोरड्या मातीवर ओता. डेंग्यूचा डास पाळायचा नाही.

उन्हाळ्यातलाच एक दिवस कॅलेंडरवर आत्ताच खुणा करून ठेवा. नागपूर २१.१५ अंश उत्तर अक्षांशावर आहे, त्यामुळे सूर्य वर्षातून दोनदा बरोबर डोक्यावर येतो: एकदा २६ मेच्या सुमाराला आणि एकदा जुलैच्या मध्यावर. जुलैत ढग असतात, म्हणून मेचाच दिवस धरा. गच्चीवर सपाट जागी स्टीलचा उभट पेला पालथा ठेवा. कडा सरळ आहे का हे दोऱ्याला नट बांधून ओळंब्याने बघा. ११:५० पासून दर पाच मिनिटांनी सावलीच्या टोकाला खडूची खूण करा. सावली नाहीशी होते ती बाराला नाही, १२:१० च्या आसपास. का? भारताचं घड्याळ ८२.५ अंश रेखांशाचं आहे आणि नागपूर ७९.१ वर. एका अंशाला चार मिनिटं, म्हणजे आपल्याकडे सूर्य साडेतेरा मिनिटं उशिरा माथ्यावर येतो. मेअखेरीस तो घड्याळापेक्षा तीनेक मिनिटं पुढे असतो, ती वजा केली की १२:१०. नऊ वर्षांच्या मुलीला यातला चारचा गुणाकार नक्की जमेल. टोपी, चप्पल, पाण्याची बाटली, आणि १२:२५ ला खाली.

चंद्रासाठी कोजागरी ते लक्ष्मीपूजन हे पंधरा दिवस घ्या. आकाश स्वच्छ असतं आणि पौर्णिमा-अमावस्या दोन्ही मुलांना सणामुळे आधीच माहीत असतात. रोज एक वर्तुळ काढून उजेडाचा भाग रंगवायचा. यात फसगत एकच होते. पहिले तीन-चार दिवस रात्री आठला बघतात, पाचव्या दिवशी चंद्र दिसत नाही आणि वही बंद पडते. चंद्र रोज सरासरी ५० मिनिटं उशिरा उगवतो. पाचव्या दिवसापासून बघायची वेळ बदलून पहाटे साडेपाच करा. अष्टमीला तो पहाटे जवळजवळ डोक्यावर असतो, तेरसेला पूर्वेला बारीक कोर.

शहरातल्या जागांबद्दल थोडक्यात. अजब बंगला म्हणजे मध्यवर्ती संग्रहालय, रमण विज्ञान केंद्र आणि कडबी चौकाजवळचं नॅरोगेज रेल्वे संग्रहालय या तिन्ही ठिकाणी एका खेपेला एकच दालन, एक तास, तीन वस्तूंची चित्रं, आणि घरी परत. सगळं बघायला गेलं की काहीच लक्षात राहत नाही. झिरो माइलच्या स्तंभावर गावांची अंतरं मैलांत कोरलेली आहेत, जबलपूर १७० मैल, छिंदवाडा ८३. १.६ ने गुणून किलोमीटर काढा आणि नकाशात ताडून बघा. इतवारी, मंगळवारी, बुधवारी आणि शुक्रवारी ही वस्त्यांची नावं वारांवरून का पडली असतील, हे मुलांना आजींना विचारू द्या.

आजींबद्दल. त्यांना शिक्षिका करू नका, त्यांना त्यांचं काम करू द्या आणि मुलांना त्यांचे मदतनीस करा. कुरडया, सांडगे, पापड करताना ओलं वजन आणि चार दिवसांनी वाळल्यावरचं वजन एवढंच मुलांनी लिहायचं. आजी गोष्ट सांगत असताना मधेच "यातून काय शिकलात?" असं विचारू नका. एकूणच, प्रत्येक कामाची परीक्षा केली की मुलं कामातून अंग काढून घेतात. दिवसात एक काम अभ्यासाचं म्हणून निवडा. बाकीचा स्वयंपाक स्वयंपाकच राहू द्या, आणि तान्हा पोळा तान्हा पोळाच. शिवाय रोज संध्याकाळी मैदानावर इतर मुलांबरोबर तासभर खेळ, हा ऐच्छिक विषय समजू नका.

नोंदीसाठी प्रत्येकी एक दोनशे पानी वही पुरते. पानावर पाच गोष्टी: तारीख, काय केलं, आधीचा अंदाज, प्रत्यक्ष माप आणि स्वतःचं एक वाक्य. अंदाज आधीच लिहायचा, तोही पेनने. पेन्सिलीने लिहिला की माप घेतल्यावर मुलं तो खोडून बरोबर करतात, आणि मग अंदाज सुधारतोय का हे कळतच नाही. मुलाला लिहिता येईपर्यंत तो सांगेल तसं तुम्ही लिहा, त्याचेच शब्द, न सुधारता. महिनाअखेरीला चार पानांचे फोटो काढून तारखेनुसार ठेवा. कधी पुन्हा शाळेत घालायचं ठरलं तर वर्ग ठरवताना हीच पानं कामी येतात.

राहिली कागदपत्रं. शिक्षण हक्क कायदा २००९ चा, १ एप्रिल २०१० पासून लागू, सहा ते चौदा वयोगटासाठी. त्यात घरच्या शिक्षणाची वेगळी तरतूद नाही. कलम १० नुसार मुलाला शाळेत दाखल करणं हे पालकांचं कर्तव्य आहे, पण ते न केल्यास पालकांना शिक्षा सांगितलेली नाही. हे दोन्ही माहीत असूनच निर्णय घ्या. कलम ४ प्रमाणे सहा वर्षांवरचं शाळाबाह्य मूल वयानुरूप वर्गात दाखल होऊ शकतं, म्हणजे परतीची वाट उघडी आहे. मात्र हव्या त्या खासगी शाळेत जागा मिळेलच असं धरून चालू नका. परीक्षेसाठी राष्ट्रीय मुक्त विद्यालयी शिक्षण संस्था, म्हणजे एनआयओएस, आहे. तिचे मुक्त मूलभूत शिक्षणाचे ए, बी आणि सी हे स्तर अनुक्रमे तिसरी, पाचवी आणि आठवीच्या बरोबरीचे आहेत. दहावीला बसायला किमान १४ वर्षं पूर्ण लागतात, आणि मुख्य परीक्षा वर्षातून दोनदा होते. राज्य मंडळाची दहावी बाहेरून द्यायची तर १७ नंबरचा फॉर्म भरावा लागतो. मुलीसाठी हे सगळं अजून चार-पाच वर्षं दूर आहे. आत्ता एवढंच करा: सध्याच्या शाळेतून तिचा शाळा सोडल्याचा दाखला आणि शेवटचं प्रगतिपत्रक मूळ प्रतीत घ्या, नाव, आईचं नाव आणि जन्मतारीख जन्मदाखल्याशी व आधारशी अक्षरन् अक्षर जुळते का ते बघा, आणि फरक असेल तर दाखला हातात घेण्याआधीच तिथल्या तिथे दुरुस्त करून घ्या. नंतर ती दुरुस्ती फार वेळखाऊ होते.